तीन जहांगीर आणि एक शनिवार: मे महिन्यातल्या चित्रफेरीची तयारी

पहिलं काम वार ठरवायचं, जागा नंतर. दरवर्षी मे महिन्यात मिरजेहून भाचा-भाची आमच्याकडे डोंबिवलीला येतात आणि त्यातला एक दिवस मुंबईत चित्रं बघायचा असतो. पहिल्या वर्षी मी उत्साहाच्या भरात त्यांना बुधवारी भायखळ्याला नेलं. भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद असतं, आणि ते ज्या राणीच्या बागेत आहे ती बागही बुधवारीच बंद. म्हणजे चित्रं नाहीत तर पेंग्विन तरी बघू, ही सोयसुद्धा नाही. तेव्हापासून कागदावर आधी वार लिहिते. बुधवारी भायखळा नको. सोमवारी एनजीएमए नको, म्हणजे रीगल सिनेमाजवळचं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय. फोर्ट-कुलाब्यातल्या बहुतेक खासगी गॅलऱ्या रविवारी बंद, आणि रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असतोच. राहता राहिला शनिवार. गुरुवार-शुक्रवारही चालतील, पण त्या गर्दीत मुलांना घेऊन सकाळची फास्ट पकडायची हिंमत असेल तरच.

दुसरं, अपेक्षा घरीच ठेवून निघा. मुंबईतले कलेचे मोठे उत्सव थंडीतले. फोर्टातला काळा घोडा महोत्सव १९९९ पासून जानेवारी-फेब्रुवारीत भरतो, गॅलऱ्यांचा वीकेंड जानेवारीत असतो, रेसकोर्सवरचा आर्ट मुंबई नोव्हेंबरात. मे महिन्यात रस्त्यावर मांडव नसतो, खाऊचे स्टॉल नसतात. मला तर हेच बरं वाटतं. फेब्रुवारीत काळा घोड्याला मी चित्रांपेक्षा माणसांच्या पाठी जास्त बघितल्या आहेत. मेमध्ये गॅलरीत तुम्ही, चित्र आणि कोपऱ्यात स्टुलावर बसलेला वॉचमन. उत्सवच हवा असेल तर तो उन्हाळ्यात नाट्यगृहांत शोधायचा. सुधा करमरकरांनी १९५९ साली लिटल थिएटर काढलं तेव्हापासून मे महिना बालनाट्याचा, आणि दादर-पार्ल्याला अजूनही सुट्टीत सकाळचे प्रयोग लागतात. जुहूच्या पृथ्वी थिएटरात उन्हाळाभर मुलांची नाटकं आणि शिबिरं असतात. पण तो वेगळा दिवस ठेवा, एका दिवसात दोन्ही कोंबू नका. पृथ्वीला उशिरा पोचलात तर दार उघडत नाहीत, आणि काळा घोड्याहून जुहूला वेळेवर पोचणं कुणाच्याच हातात नाही.

आदल्या दिवशी फोन करायचा. हे मी तिसऱ्या वर्षी शिकले. खासगी गॅलरीत एक प्रदर्शन उतरून दुसरं लागेपर्यंत आठवडाभर दार उघडं असलं तरी आत डिस्प्ले चाललेला असतो. भिंतीला टेकवलेले खोके आणि ड्रिलचा आवाज, एवढंच बघायला मिळतं. "सध्या शो चालू आहे का आणि कधीपर्यंत," हा एक प्रश्न पुरतो.

भेटायची जागा मात्र कागदावर दोनदा अधोरेखित करा. काळा घोड्याच्या आसपास काही मिनिटांच्या चालण्यात तीन जहांगीर आहेत. एक, सगळ्यांना माहीत असलेली जहांगीर आर्ट गॅलरी, १९५२ सालची. दोन, शेजारच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या आत २०११ पासून असलेली जहांगीर निकल्सन गॅलरी. हे निकल्सन कापसाचे व्यापारी, आणि त्यांनी जमवलेली आधुनिक चित्रं तिथे आलटून पालटून लावतात. तीन, एनजीएमए ज्या इमारतीत आहे तो १९११ सालचा सर कावसजी जहांगीर हॉल. माझे सासरे गिरगावातले. त्यांच्या डोक्यात जहांगीर म्हणजे हॉल, कारण तरुणपणी तिथे त्यांनी सभा ऐकलेल्या. एका शनिवारी ते आणि सासूबाई रीगलच्या बाजूला उन्हात, आम्ही आर्ट गॅलरीच्या पायऱ्यांवर, आणि दोन्हीकडून फोनवर एकच वाक्य, "अगं, मी जहांगीरलाच उभा आहे." चाळीस मिनिटं गेली. आता आम्ही घोड्याच्या पुतळ्यापाशी भेटतो. २०१७ मध्ये बसवलेला हा घोडा काळाच आहे, पण त्याच्यावर कुणी बसलेलं नाही. मूळच्या घोड्यावर सातवा एडवर्ड होता. त्याला १९६५ साली हलवलं, आणि तो आता भायखळ्याला, राणीच्या बागेत आहे. हे ऐकल्यावर भाच्याचा पहिला प्रश्न होता, "मग त्याला बुधवारी सुट्टी असते का?"

कपडे सुती, आणि एक ओढणी किंवा पातळ शर्ट जास्तीचा. मुंबईच्या मेमध्ये पारा चौतिशीलाच असतो, पण घामानं पाठीला कपडा चिकटतो, आणि तशाच अवस्थेत आपण एसीत शिरतो. अर्ध्या तासात शिंका. पाठीवर सॅक नको. ठेवून जा म्हणतात किंवा पुढे घ्यायला लावतात, आणि ते बरोबरच आहे. मागे वळताना सॅकचा धक्का एखाद्या शिल्पाला लागला तर आपला पगार पुरायचा नाही. खांद्याची छोटी पिशवी घ्या, त्यात पाण्याची बाटली, नॅपकिन, वही आणि पेन्सिल. पेन नको, चित्राजवळ कुणी पेन काढलं की वॉचमन अस्वस्थ होतात. चष्मे दोन असतील तर दोन्ही घ्या, कारण चित्र लांबून बघायचं आणि लेबल जवळून वाचायचं. सुटे पैसे थोडे हवेत. एनजीएमएचं तिकीट आपल्यासाठी २० रुपये, जहांगीर आर्ट गॅलरी आणि खासगी गॅलऱ्या फुकट. महिनाअखेरीला निघणार असाल तर वळवाची सर धरून एक प्लास्टिकची फाइलही घ्या. भाचीचे दोन कॅटलॉग हुतात्मा चौकात भिजले आणि त्यांची पानं कायमची एकमेकांना चिकटली.

सीएसएमटीवरून चालत यायचं तर दादाभाई नौरोजी रस्त्याच्या इमारतींच्या कमानींखालून या. तिथे सावली आहे, फेरीवाल्यांमुळे वेग कमी होतो एवढंच. आता भुयारी मेट्रोही हुतात्मा चौकाला थांबते.

एवढं झालं की सामानाची तयारी संपते, आणि जी खरी तयारी लागते ती बेल दाबायची.

जहांगीरला कुणीही शिरतं. पाऊस आला म्हणून शिरतं, मित्राची वाट बघत शिरतं. खासगी गॅलरीचं तसं नाही. जुनी इमारत, लाकडी जिना किंवा जाळीच्या दाराची लिफ्ट, दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर बंद दार आणि शेजारी बेल. माझं ऑफिस फोर्टमध्ये, केमोल्ड दहा मिनिटांवर. ही गॅलरी १९६३ मध्ये जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर सुरू झाली आणि २००७ मध्ये प्रेस्कॉट रोडवर गेली, हे सगळं मला पाठ. तरी पहिल्या वेळी मी जिन्यावरून परत फिरले. काय घ्यायचंय असं विचारलं तर? पायात रेल्वेच्या पुलावर घेतलेल्या चपला, हातात डबा. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले तेव्हा कळलं, दार बंद असतं कारण आत एसी असतो. बाकी काही नाही.

तेव्हा बेल दाबा, थांबा, आणि दार उघडणाऱ्याला मराठीत सांगा, "चित्रं बघायला आलोय." तुमच्याकडे वही पुढे करतील, नाव लिहा, पुढे व्हा. टेबलावर प्रदर्शनाची माहिती देणारा कागद असतो, तो मागून घ्या. त्याचं इंग्रजी अवघड असतं, आणि माझ्या मते निम्म्या वेळा ते लिहिणाऱ्यालाही अवघड गेलेलं असतं. ते आधी वाचू नका. आधी एक चक्कर मारा, मग लेबलं, मग जमलं तर तो कागद. किंमत भिंतीवर नसते. विचारावीशी वाटली तर खुशाल विचारा, कुणी रागावत नाही. आकडा ऐकून चेहरा सरळ ठेवण्याचा सराव तेवढा घरी करा.

आणि तिथे चित्रं टांगणारा जो माणूस असतो त्याच्याशी बोला. एका गॅलरीत असे एक काका होते, लालबागचे. कागदावरच्या चित्रांचं प्रदर्शन होतं. भाच्याला कोपऱ्यात पांढरी डबी दिसली, तिच्यावर ५४ असा आकडा. "काका, हे पण आर्ट आहे का?" काका हसले नाहीत. त्यांनी त्याला जवळ नेऊन सांगितलं की ही हवेतला दमटपणा मोजते. "मे महिन्यात आपल्याला येतो तसा कागदालाही घाम येतो. फुगतो, मग फ्रेमच्या आत लाटा पडतात. आकडा वर गेला की मी मशीन लावतो." मग एका फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यात कागद कसा किंचित उचलला गेलाय ते त्यांनी तिरकं उभं राहून दाखवलं. समोरून ते दिसत नव्हतं. त्या दिवशी पुढच्या प्रत्येक ठिकाणी भाचा आधी डबी शोधायचा, मग तिरका उभा राहून प्रत्येक कागद तपासायचा. मी अर्धा तास समजावून त्यानं चित्रं एवढ्या जवळून बघितली नसती.

जहांगीरचा हिशोब वेगळा. तिथली दालनं चित्रकार स्वतः भाड्यानं घेतात, त्यासाठी वर्षानुवर्षं थांबतात, आणि मिळतो एक आठवडा, मंगळवार ते सोमवार, ११ ते ७. जळगावहून, सोलापूरहून टेंपोत चित्रं घालून आलेला माणूस टेबलामागे बसलेला असतो. शेजारी डबा, अभिप्रायाची वही, कधी कधी बायको आणि कंटाळलेली मुलगी. आपण दालनात शिरलो की त्याची नजर आपल्यावर. सगळं आवडेलच असं नाही. कुठल्या ना कुठल्या दालनात काशीचे घाट असतातच, दुसरीकडे बैल, तिसरीकडे बासरीवाला कृष्ण. तेव्हा सुरुवात टेबलापासून लांबच्या भिंतीपासून करा. नाही आवडलं तर मान हलवून निघता येतं. आवडलं तर मात्र टेबलाशी जाऊन विचारा, कुठले तुम्ही, हे कशावर काढलंय, किती दिवस लागले. एवढंच विचारल्यावर एका सोलापूरच्या गृहस्थांनी आम्हाला खुर्च्या दिल्या आणि चादरीच्या कारखान्यातले उरलेले धागे ते रंगात कसे बुडवतात ते सांगितलं. वहीत "खूप छान" लिहू नका, तिथे पानंच्या पानं तेच असतं. एखादं चित्र नाव घेऊन लिहा. लेबलाशेजारी लाल टिकली दिसली तर ते विकलं गेलंय, मुलांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर ती उपटून बघतात.

दिवसात ठिकाणं तीन. चौथ्याला पाय बोलायला लागतात आणि मग सगळी चित्रं सारखी दिसतात. सकाळी एक खासगी गॅलरी, मग जहांगीर, जेवण, आणि उन्हाच्या वेळी वस्तुसंग्रहालय किंवा एनजीएमए. एनजीएमएच्या आतले अर्धगोल मजले चढत घुमटाखाली पोचायचं असतं, हे गुडघेदुखीवाल्यांनी लक्षात घ्या.

जेवणाचं आधी ठरवा. जहांगीर आर्ट गॅलरीतलं समोवार हे उपाहारगृह २०१५ मध्ये बंद झालं. तिथल्या अरुंद जागेत एका चहावर दुपार काढता यायची. आता त्या परिसरात जी ठिकाणं आहेत तिथे चार जणांच्या कॉफीत आमचा आठवड्याचा भाजीपाला येतो. म्हणून मी सकाळीच थालीपीठं खाऊ घालून निघते, सीएसएमटीसमोर आराममध्ये वडापाव होतो, आणि दुपारी डबा घेऊन हॉर्निमन सर्कलच्या बागेतल्या झाडांखाली बसतो. बाटलीत कोकम सरबत. डब्यात लोणचं नको, पिशवीत सांडलं की कॅटलॉगला वास लागतो तो जात नाही.

आणि एखादं चित्र मनात राहिलं, परत बघावंसं वाटलं, तर जहांगीरपुरतं रविवारच्या आत जा. त्या धाग्यांच्या चित्रांसाठी भाचीनं हट्ट धरला म्हणून आम्ही सोमवारी ऑफिस सुटल्यावर गेलो. साडेसहाला पोचलो तर भिंती रिकाम्या, खिळे तेवढे शिल्लक, आणि चित्रं चादरींत गुंडाळून दोरीनं बांधून झालेली. चादरी अर्थातच सोलापुरी होत्या.