मर्चंट नेव्हीत पहिल्यांदा जाताना: सही करण्याआधी काय बघायचं

सातारा-सांगलीकडची पोरं मर्चंट नेव्हीत जातात ती बहुतेक कुणाच्या तरी ओळखीच्या एजंटामार्फत, आणि घोळ तिथंच होतो.

भरती करणाऱ्याकडे डीजी शिपिंगचा (जहाज वाहतुकीवर देखरेख करणारं केंद्र सरकारचं खातं) आरपीएसएल परवाना, म्हणजे खलाशी भरतीचा परवाना लागतो. कऱ्हाड-मिरजेच्या ऑफिसात भिंतीवर टांगलेल्या कागदावर जाऊ नका; नंबर डीजी शिपिंगच्या साइटवर टाका, परवाना चालू आहे की स्थगित ते कळतं. पासपोर्ट, सीडीसी (खलाशाचं सरकारी ओळखपुस्तक) आणि मेडिकलचा खर्च तुमचा. नोकरी लावण्याचे पैसे मागणं बेकायदा आहे. कोर्सची फी थेट संस्थेला, पावती घेऊन. ‘व्हिजिट व्हिसावर दुबईला या, बाकी तिकडं बघू’ असं कुणी म्हणालं तर तिथूनच परत फिरा. परवानाधारकाची बँक हमी डीजीकडे असते. या माणसाची काहीच नसते.

करारात जहाजाचं नाव, सात आकडी आयएमओ नंबर (जहाजाचा कायमचा ओळख क्रमांक), पगार, मुदत आणि घरी परतीचा खर्च कुणाचा, हे हवंच. सही केलेली प्रत स्वतःजवळ ठेवा, फोटो घरी पाठवा.

भारताने 2015 मध्ये स्वीकारलेल्या मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शननुसार (खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार) 24 तासांत किमान 10 आणि आठवड्यात 77 तास विश्रांती मिळाली पाहिजे. त्या 10 तासांचे फार तर दोन तुकडे, त्यातला एक सलग 6 तासांचा. प्रत्यक्षात विश्रांतीच्या तासांचा तक्ता बऱ्याचदा आधीच भरून समोर येतो आणि नवा पोरगा न वाचता सही करतो. पुढं तक्रार केली की तीच सही त्याच्या विरोधात जाते. खरे तास रोज वहीत लिहा. तक्त्याची प्रत मागणं तुमचा हक्क आहे.

पगार दोन महिने थकला तर मालकाने तुम्हाला वाऱ्यावर सोडलं असं कायद्याने धरता येतं. अशा वेळेसाठी मालकाने काढलेल्या विम्याचं प्रमाणपत्र जहाजावर लावलेलं असतं, त्यावर संपर्क असतो. पहिल्याच आठवड्यात त्याचा फोटो काढून ठेवा. विमा परतीचा खर्च आणि जास्तीत जास्त चार महिन्यांचा पगार देतो. ‘मालक देईल हो’ म्हणत आठ महिने थांबलात तर वरचे चार महिने वसूल करायला कोर्टकचेरी आली.

हे सगळं व्यापारी जहाजांचं. मासेमारीची जहाजं मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शनमध्ये येतच नाहीत. त्यांच्यासाठी 2007 चा वेगळा आंतरराष्ट्रीय करार आहे, तो भारताने अजून स्वीकारलेला नाही. म्हणून ‘जहाजावर काम’ एवढंच सांगितलं, तर मासेमारीचा ट्रॉलर आहे का ते पैशाची बोली होण्याआधी विचारा.