करार म्हणजे बागेचा व्यवहार नव्हे: बायबल वाचताना या चुका टाळा

रेवदंड्याच्या बाजूला मी बरीच वर्षं बायबल-अभ्यासाचा वर्ग घेतोय. लावणी आटोपली की नवे चेहरे येतात आणि चूक दरवर्षी तीच. बायबलमध्ये ‘करार’, म्हणजे देवाने माणसांशी वचनाने जोडलेलं नातं, हा शब्द आला की यांच्या डोळ्यांपुढे आंब्याची बाग! कलमं कराराने दिली, इतके आगाऊ घेतले, मोहोर गळला तर तुझं तू बघ.

त्यांना कशाला बोलू? मीच एकदा असं शिकवलंय. सुरुवातीला हुशारी म्हणून मुलांना छापील कागद वाटले. वर ‘मी आज्ञा पाळीन’, खाली ‘देव आशीर्वाद देईल’, दोन सह्यांच्या जागा. देवाच्या जागी सही मीच ठोकली. तिसऱ्या रविवारी एक मुलगी आली नाही. आजीच्या पिशवीतून कुल्फीला पैसे घेतले होते, म्हणून तिने कागद फाडला आणि आईला सांगितलं, “देवाचं नि माझं संपलं.”

त्या रात्री बायबलच्या पहिल्या पुस्तकाचा, उत्पत्तीचा, 15 वा अध्याय पुन्हा काढला. तिथे देव अब्रामाशी (पुढे हाच अब्राहाम) करार करतो. कालवड, शेळी, एडका मधोमध चिरून समोरासमोर मांडलेले. शब्द मोडणाऱ्याचं असंच होवो, असा त्या काळचा अर्थ. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या 34 व्या अध्यायात तो उघड दिसतो. दोन्ही बाजूंनी त्या तुकड्यांमधून जायला हवं. पण अब्राम गाढ झोपलेला, आणि देवाची खूण असलेली धुराची भट्टी व मशाल तेवढी मधून जाते. म्हणजे जोखीम देवाने एकट्याने घेतली. माझ्या कागदावर हे कुठेच नव्हतं.

मुलगी परत आली, आजीचे पैसे चुकते करून. कागद मी पुन्हा छापला नाही.

आता माझी सवय सांगतो. आज्ञा दिसली की पेन्सिलीने समासात लिहायचं: ‘याआधी देवाने काय केलं?’ निर्गम या पुस्तकाच्या 20 व्या अध्यायात दहा आज्ञांच्या आधी, देवाने इस्राएल लोकांना मिसरातून सोडवल्याची आठवण येते. सुटका आधी, सीनाय डोंगरावरच्या आज्ञा नंतर. हे उलटं वाचलं की आज्ञापालनाचा नवस होतो: एवढं केलं, आता बोट भरू दे. मलाखीच्या पुस्तकातली दशमांशाची, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देवाला देण्याची, ओळ घेऊन पावती फाडल्यासारखे वाट बघत बसणारे तर मला दर वर्षी भेटतात. दोन महिन्यांत रागावून वर्गही सोडतात.

दुसरी चूक ‘आज्ञा पाळणे’ म्हणजे नुसता धाक समजण्याची. खरं तर मराठीत हे सोपं आहे: ‘पोर ऐकत नाही’ म्हणजे त्याचे कान बिघडलेत असं नाही. हिब्रूतही ऐकणं आणि मानणं यांना एकच क्रियापद, शमा. शत्रू अमालेक्यांचं सगळं नष्ट करायची आज्ञा असताना इस्राएलच्या शौल राजाने त्यांची उत्तम गुरं राखून ‘यज्ञासाठी’ म्हटलं, तेव्हा शमुवेल संदेष्ट्याने यज्ञापेक्षा ऐकणं बरं म्हणून त्याला झापलं. आपल्या अलिबागजवळच्या नवगावला गलबत फुटून आलेल्या पूर्वजांची गोष्ट बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू लोक, सांगतात. बरंच विसरलं, पण याच ‘शमा’ शब्दाने सुरू होणारी प्रार्थना, सुंता आणि शनिवारचा विसावा राहिला. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना नाव दिलं शनवार तेली. धंद्याचा एक दिवस दर आठवड्याला बुडत होता. तरी घाणा बंदच.

‘जुना करार’ हे ग्रंथाच्या भागाचं नाव. त्यात नोहाचा, अब्राहामाचा, सीनायचा, दाविदाचा असे अनेक करार आहेत. एकाची अट दुसऱ्याला चिकटवू नका.

नवा करार आला म्हणजे आज्ञा रद्द, असंही नाही. यिर्मया 31 मध्ये नियमशास्त्र हृदयावर लिहिण्याची गोष्ट आहे, पुसण्याची नाही.

आणि मोबाइलवर एकच वचन उचलणाऱ्यांनो, ‘तुमच्या हिताच्या योजना’ सांगणारी यिर्मया 29:11 ही ओळ बाबेलात (बॅबिलोनमध्ये) बंदिवान होऊन पडलेल्यांना लिहिलेल्या पत्रातली आहे. त्याच्या आदल्याच ओळीत 70 वर्षं थांबायला सांगितलंय. स्टेटसला तो आकडाही टाका.