स्मृतिभ्रंश असलेल्या आजी-आजोबांचा व्यायाम: वृद्धाश्रमातल्या मदतनिसांसाठी

"चला, व्यायाम करायचाय" म्हटलं की आजी "नको" म्हणतात. शब्दांचा अर्थ नीट लागत नाही, पण हातापायांची सवय बराच काळ टिकते. म्हणून व्यायाम हा शब्दच काढू नका. हातात टाळ द्या आणि त्यांच्या ओळखीचा अभंग म्हणा. हात चालू लागतात, पाय ठेका धरतात आणि खांदे-घोटे त्यातच मोकळे होतात.

वेळ सकाळची, नाश्त्यानंतर तासाभराने. संध्याकाळी अनेकांची बेचैनी वाढते. एका वेळी पाच-सहा जण, २० मिनिटं पुरेत. खुर्ची हाताची, बिनचाकाची. तळवे जमिनीला पूर्ण टेकायला हवेत.

एका वेळी एकच गोष्ट सांगा, करून दाखवा आणि मग दहा सेकंद गप्प राहा. चूक बहुधा इथेच होते. त्यांचा पाय उचलला जायच्या आत आपण दुसरं काही सांगतो आणि त्या चिडतात. समोर बसलात तर त्यांच्या उजव्या हातासाठी आपला डावा हलवा. झेलायला चेंडूऐवजी फुगा बरा. तो सावकाश येतो.

सगळ्यात मोलाचं म्हणजे खुर्चीतून उठणं, कारण संडासला स्वतः जाता येणं त्यावरच अवलंबून असतं. आजींना खुर्चीच्या कडेला सरकू द्या. पावलं गुडघ्यांच्या जरा मागे, हात खुर्चीच्या हातांवर. नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत पुढे वाकायला लावा, मग "उठा". पाच वेळा, मध्ये दम घेऊन. काखेत हात घालून ओढू नका: खांदा दुखावतो, शिवाय घाबरून त्या मागे रेटतात. अंथरुणातून उठवताना आधी दोन मिनिटं कडेला बसवा, नाहीतर रक्तदाब उतरून चक्कर येते.

चालवण्याआधी पायांकडे बघा. सैल सपाता नकोत, मागे पट्टा असलेली चप्पल हवी. साडी घोट्याच्या वर खोचलेली. गडद पायपुसणं काढून टाका, काहींना तो खड्डा वाटतो. पार्किन्सनसारखे पाय जागीच खिळत असतील तर फरशीवर पावलापावलाच्या अंतराने रंगीत चिकटपट्ट्या लावा.

दुखतंय हे कित्येकांना सांगता येत नाही. कपाळाला आठी, हात झटकणं, कण्हणं म्हणजेच दुखणं समजा आणि थांबा. धाप, छातीत कळ किंवा चक्कर आली तर लगेच डॉक्टरांना बोलवा.

नुसता नकार असेल तर वाद घालू नका. अर्ध्या तासाने मटार सोलायला किंवा टॉवेलच्या घड्या घालायला बोलवा, तीही हालचालच. कोणाला काय चाललं ते वहीत लिहा, म्हणजे रात्रपाळीच्या मावशींनाही कळेल.