शाळेत लोकनृत्य शिकवताना या चुका टाळा

स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ आले की जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या शाळांत तालमींची धांदल उडते आणि दरवर्षी त्याच चुका नव्या उत्साहाने केल्या जातात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे 'आदिवासी नृत्य' नावाचे एकच नृत्य असते, ही समजूत. भिल्ल, पावरा, कोकणा आणि मावची यांचे नाच, वाद्ये व प्रसंग वेगवेगळे आहेत. नंदुरबार जिल्ह्यातल्या काठी गावच्या होळीत कमरेला भोपळे आणि घुंगरू बांधून, मोरपिसांचा टोप घालून नाचणारा माणूस नवस फेडत असतो आणि त्यासाठी त्याने आधी कडक पाळणी पाळलेली असते. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका शाळेच्या संमेलनात मात्र मुलांच्या अंगाला काजळी फासून, कमरेला पाला गुंडाळून आणि हातात पुठ्ठ्याचे भाले देऊन त्यांना चित्रपटातल्या गाण्यावर नाचवलेले मी पाहिले. त्याच शाळेतला एक पावरा मुलगा, जो घरच्या होळीत ढोल वाजवतो, त्या वेळी पाहुण्यांसाठी खुर्च्या उचलत होता, कारण गुरुजींच्या मते त्याला 'स्टेप बसत नव्हत्या'. विचारले तेव्हा, लोकांना हेच आवडते, असे उत्तर मिळाले.

माझा शिरस्ता असा की दिवाळीपूर्वीच पाड्यावर जाऊन जाणत्यांना, शाळेत काय नाचलेले चालेल, हे विचारावे. डोंगऱ्या देवाचा उत्सव ही पूजा आहे. तो मी रंगमंचावर आणत नाही. ढोलवाल्याला शाळेत बोलवावे आणि शाल-श्रीफळावर बोळवण न करता त्याचे मानधन आधी ठरवावे.

दुसरी चूक घाईतून होते. आठवडाभर आधी मोबाईलवरचा व्हिडिओ लावला जातो आणि मुले समोरच्या पडद्याकडे पाहून पाय उचलतात. त्यामुळे काहींचा डावा-उजवा उलटतो आणि कमरेला हात घालून धरलेली साखळी तिथेच तुटते. मग शिक्षक फेराच्या दोन रांगा करून मोकळे होतात. ज्यांना इतकी घाई आहे, त्यांनी लोकनृत्याच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मी स्वतः साखळीत उभा राहतो, सुरुवातीला मुलांना ढोलाच्या ठेक्यावर नुसते चालायला लावतो आणि पाय आपोआप पडू लागल्याशिवाय हात धरू देत नाही. फेरात मुलांची पाठ प्रेक्षकांकडे होणारच. पाहुण्यांच्या खुर्च्या मैदानाभोवती गोल मांडल्या की प्रश्न सुटतो.

'पावरा मुलांनी ढोलाचा नाच, बंजारा तांड्यावरच्या मुलींनी लेंगी (बंजारांचा होळीचा गाणे-नाच)' अशी वाटणी करू नये. अहिराणी बोलणाऱ्या घरातल्या मुलाने ढोलाचा ठेका शिकावा आणि तांड्यावरच्या मुलीने गुलाबाईच्या, म्हणजे खान्देशातल्या मुलींच्या सणाच्या, गाण्यावर टिपरी धरावी. आपल्या घरचा नाच चारचौघांत करायला एखादे मूल संकोचत असेल, तर आग्रह धरू नये.

गाण्यातली अहिराणी 'शुद्ध' करू नये. चालता न येणाऱ्या मुलाच्या हाती झेंडा देऊन त्याला कडेला बसवू नये, टिपरी द्यावी. गणवेशातही नाच होतो. भाड्याच्या पोशाखांचे पैसे वाचले तर ते ढोलवाल्याच्या मानधनात घालावेत.