खोली नंतर, आधी वही

आमच्या कॉलेजात 'समान संधी कक्ष' होता. म्हणजे माहितीपुस्तिकेत होता. कुठे आहे विचारलं तर शिपाईमामांनाही सांगता येईना. मी नंदुरबारमधल्या धडगावकडची, घरात पावरी ही आमची आदिवासी बोली बोलणारी. एफवायला स्टुडंट सेक्शनच्या खिडकीशी उभं राहून मराठी वाक्य मनात जुळवायचे, तोवर जेवणाची सुट्टी व्हायची. एसवायला ठरवलं, आपल्यासारख्यांसाठी मदत केंद्र काढायचं.

पहिली चूक म्हणजे थेट प्राचार्यांकडे खोली मागितली. 'बघू' म्हणाले. आता हा 'बघू' कुणाला समजावून सांगायला नको. मग आम्ही तिघं कॅन्टीनमागच्या कट्ट्यावर मंगळवार-शुक्रवार दुपारी बसायला लागलो. जवळ एक वही: तारीख, वर्ग, अडचण काय, कुठे अडलं, सुटलं का. नाव लिहायचं नाही, हे पहिल्याच दिवशी ठरलं. कुणाची जात, कुणाचं उत्पन्न वहीत नावासकट सापडलं तर पोरं परत फिरकणार नाहीत.

निम्म्याहून जास्त नोंदी महाडीबीटीच्या, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलच्या निघाल्या. फॉर्म कॉलेजच्या लॉगिनला मंजुरीविना पडून, नाहीतर 'पैसे आलेच नाहीत'. हे दुसरं नीट समजून घ्या: पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होतात. एकाने गावच्या शिबिरात नवं खातं उघडलं होतं, आधार तिकडे जोडलं गेलं आणि शिष्यवृत्तीही तिकडेच. चार महिने तो मेसवाल्या काकूंना तोंड चुकवत होता.

वसतिगृहात नंबर लागला नाही की मुलं थेट गावी जायची बॅग भरतात. अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार आणि आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं, या राहण्या-जेवणाच्या खर्चाला पैसे देणाऱ्या योजना नेमक्या त्यांच्यासाठीच आहेत, हे कुणी सांगितलेलं नसतं. व्हॅलिडिटीचंही, म्हणजे जात पडताळणी प्रमाणपत्राचंही तसंच. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाची झालेली असेल तर आधी तिची प्रत मिळवा.

दिवाळीनंतर वही घेऊन पुन्हा गेलो. यावेळी अर्जात यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०१२ चे समता विनियम लिहिले. प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेत समान संधी कक्ष हवा, असं त्यात आहेच. अर्ज आवक विभागात दिला आणि आपल्या प्रतीवर शिक्का-क्रमांक घेतला. पुढे तीनदा 'तुमचा अर्ज दिसत नाही' ऐकलं, तिन्ही वेळा तो क्रमांक दाखवला.

मिळाली ती जिमखान्याची जुनी खोली, फुटक्या कॅरमसकट. (कपाटाचं कुलूप मात्र आपल्या पैशांनी घ्या, वाट पाहू नका.) क्लार्क मॅडमशी भांडण टाळा. दर शुक्रवारी अडकलेल्या अर्जांचे नंबर एका कागदावर देत गेलो, तर त्या स्वतःच चौकशी करू लागल्या.

नव्या वर्षी एफवायची एक मुलगी दारात गप्प उभी राहिली. मी पावरीतून विचारलं, काय काम आहे? ती आत आली, बसली आणि म्हणाली, स्वस्त मेस कुठे आहे? वहीत त्याला रकानाच नव्हता. पट्टी शोधून आखला.