हॉलिवूडच्या फुटपाथवर आपला आवडता तारा शोधताना

लॉस एंजेलिसला ‘वॉक ऑफ फेम’, म्हणजे कलाकारांच्या नावाचे तारे बसवलेला फुटपाथ, बघायला जाणार असाल, तर आवडत्या कलाकाराच्या ताऱ्याचा पत्ता घरूनच लिहून न्या. हॉलिवूड बुलेवार्ड आणि वाइन स्ट्रीट मिळून अडीच हजारांहून जास्त तारे आहेत. नुसतं खाली बघत चाललात तर पाय दुखतील आणि आपलं माणूस सापडायचं नाही.

नावाखालचं पितळी चिन्हही बघा. कॅमेरा म्हणजे सिनेमा, टीव्ही संच म्हणजे टीव्ही. अभिनेत्री ल्युसिल बॉल आणि दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांचे दोन्हीकडचे तारे आहेत, तेही एकमेकांपासून बरेच लांब. एकच बघून परत फिरलात तर अर्धी भेट राहून जाते. गायक-अभिनेता जीन ऑट्रीचे तर वेगवेगळ्या क्षेत्रांसाठी पाच आहेत!

शक्यतो सकाळी लवकर जा, निवांत वाकून नाव वाचता येतं. मग चालत १९२७ सालच्या चायनीज थिएटर या सिनेमागृहाच्या अंगणात या. अभिनेत्री मर्लिन मन्रो आणि जेन रसेल यांनी १९५३ साली सिमेंटमध्ये शेजारी-शेजारी उमटवलेले हातांचे ठसे तिथे आहेत. गुडघे टेकून आपला तळवा त्यावर ठेवून बघाच. पडद्यावरचं माणूस क्षणभर अगदी हाताशी येतं.