‘विंडो’ची फोड कशी करायची

‘कोल्हापूर’ची फोड कोल्हा अधिक पूर अशी करणारे पुष्कळ भेटतात. पण शिलाहारकालीन शिलालेखांत या गावाचं नाव ‘क्षुल्लकपूर’ असंही येतं. त्यात कोल्हा कुठेच नाही. इंग्रजी जोडशब्दाचं मूळ शोधतानाही हीच चूक होते, आजचंच रूप मधोमध कापलं जातं. ‘विंडो’मधलं ‘विंड’ म्हणजे वारा हे कळतं, उरलेल्या ‘ओ’चा मात्र अर्थ लागत नाही. मग कुणी तिथं ‘डोअर’ बसवतो.

म्हणून आधी सर्वांत जुनं रूप काढा. करवीर नगर वाचन मंदिरात किंवा शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयात व्युत्पत्ती देणारा मोठा इंग्रजी कोश मागा. व्युत्पत्ती बहुधा चौकटी कंसात असते. तिथली ‘<’ ही खूण ‘यापासून आला’ असं सांगते. ‘सीएफ’ म्हणजे नुसतं ‘तुलना करा’, ते मूळ नव्हे. शब्दाआधी तारांकन असेल तर ते रूप लिहिलेलं कुठेच सापडलेलं नाही, ध्वनी कसे बदलत जातात त्या नियमांवरून बांधलेलं आहे. नवशिके नेमके इथंच घसरतात.

‘विंडो’ची नोंद १२००च्या सुमाराला पोचते आणि तिथून जुन्या नॉर्सच्या, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या जुन्या भाषेच्या, ‘विन्दाउगा’कडे नेते. फोड आता करा: ‘विन्द्र’ म्हणजे वारा, ‘आउगा’ म्हणजे डोळा. वाऱ्याचा डोळा! खिडकीला काच नव्हती, तेव्हाचा हा शब्द.

मग प्रवास तपासा. नवव्या शतकापासून इंग्लंडच्या उत्तरेला आणि पूर्वेला वसलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांची ही देणगी. जुन्या इंग्रजीचा स्वतःचा शब्द होता ‘एआगथिर्ल’, म्हणजे डोळा अधिक भोक. तो गेला, पण त्यातला ‘थिर्ल’ ‘नॉस्ट्रिल’मध्ये, म्हणजे नाकपुडीत, अजून टिकून आहे. फ्रेंचातून आलेला ‘फेनेस्टर’ही सोळाव्या शतकापर्यंत चालला.

भाऊबंद, म्हणजे एकाच मुळातून निघालेले इतर भाषांतले शब्द, सगळ्यात शेवटी. ‘विन्द्र’ आणि संस्कृत ‘वात’, ‘आउगा’ आणि ‘अक्षि’ या जोड्या मुळात सख्ख्या. ‘गवाक्ष’ म्हणजे बैलाचा डोळा. इथंही खिडकीला डोळाच म्हटलंय, पण हा समास वेगळा, स्वतंत्रपणे झालेला.

वहीत चार रकाने आखा: जुनं रूप व काळ, घटक, कुठून आला, नात्यातले शब्द. चौथ्या रकान्यातला ‘वात’ तिसऱ्यात गेला, की ‘विंडो संस्कृतातून आला’ असं साफ चुकीचं विधान तयार होतं.